बांबूची काठी घेताना जाडी नव्हे, वय आणि तोडीचा महिना पाहा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या बेसा भागात नवं घर, मागच्या अंगणात काळ्या मातीचा तुकडा आणि वर गच्चीवर पंधरा कुंड्या. गेल्या जुलैत तुम्ही चांगल्या जाडजूड, हिरव्यागार चाळीस काठ्या आणल्या. दसऱ्यापर्यंत त्यांना मोहरीएवढी भोकं पडली, बुडाशी पिवळट पिठासारखी भुकटी साचू लागली आणि ऑक्टोबरमधल्या एका रात्रीच्या पावसात कारल्याचा मांडव फळांसकट बसला. आता तुम्ही विचारता की आणखी जाड बांबू घ्यावा का, त्याला कोणतं औषध लावावं, की बांबू सोडून प्लास्टिक चढवलेल्या सळया आणाव्या. शिवाय भंडाऱ्याकडे मामांच्या बांधावर बांबू आहे, तो आणता येईल का.

आणखी जाड घेऊन उपयोग होणार नाही. तुमचा बांबू बारीक होता म्हणून मोडला नाही. तो कोवळा होता आणि अवेळी तोडलेला होता. नागपुरात मी पंचवीस वर्षांहून जास्त काळ बागांची कामं करतोय आणि या दोन कारणांनी जेवढे मांडव बसलेले पाहिले, तेवढे वादळाने बसलेले पाहिले नाहीत.

बांबू गवताच्या कुळातला आहे. झाडाचं खोड दरवर्षी थोडं थोडं जाड होतं, तसं बांबूचं होत नाही. पावसाळ्यात त्याचा कोंब, म्हणजे आपण ज्याची भाजी करतो तो वास्ता, जमिनीतून वर येतो तोच पूर्ण घेर घेऊन येतो. पुढच्या काही महिन्यांत तो सगळी उंची गाठतो आणि तिथे त्याची वाढ थांबते. त्यानंतरची दोन-तीन वर्षं तो फक्त आतून पक्का होत जातो. धागे घट्ट होतात, ओल कमी होते, साल कडक होते. म्हणून मनगटाएवढा बांबू सहा महिन्यांचाही असू शकतो आणि चार वर्षांचाही. हातात धरला तर घेर दोघांचा सारखाच. तीन वर्षांच्या आतला बांबू बागेत रोवायला मी घेत नाही.

दुसरी गोष्ट तोडीच्या महिन्याची. पावसाळ्यात नवे कोंब फेकायचे असतात म्हणून बांबू उन्हाळाभर आपल्या अंगात पिष्ट, म्हणजे स्टार्च, साठवून ठेवतो. मे-जूनमध्ये तोडलेला बांबू या पिष्टाने भरलेला असतो आणि भुंगा त्याच्याच मागे येतो. तुमच्या काठ्यांखाली साचलेली भुकटी म्हणजे त्या बारीक काळपट भुंग्याने आणि त्याच्या अळीने पोखरून काढलेला बांबूच. कोंब वाढून झाल्यावर, म्हणजे पावसाळा सरल्यापासून थंडी संपेपर्यंत, पिष्ट सगळ्यात कमी असतं. आपले जुने लोक बांबू थंडीतच तोडायचे. वद्य पक्षात तोडायचा असंही सांगतात. पक्षाचं मी कधी ताडून पाहिलं नाही, पण थंडीत तोडलेला आणि उन्हाळ्यात तोडलेला बांबू शेजारी शेजारी ठेवून दोन पावसाळे पाहिले आहेत. थंडीतला टिकला, उन्हाळ्यातल्याची चाळणी झाली.

हे मला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. कामाच्या तिसऱ्या वर्षी धरमपेठेतल्या एका जुन्या बंगल्याच्या मागे मी दोडक्याचा मोठा मांडव घातला. जून महिना, बांबू हिरवे, गुळगुळीत, एकसारखे. मालकीणबाईंना फार आवडले. दिवाळीला त्यांचा निरोप आला. जाऊन पाहिलं तर एका खांबाला नुसता हात लावला आणि तो मातीलगत वाळक्या भाकरीसारखा तुटला. त्यांनी पैसे परत मागितले नाहीत, पण मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी तो तुटलेला तुकडा घेऊन सूपं-टोपल्या विणणाऱ्या एका म्हाताऱ्या बुरड आजोबांकडे गेलो. त्यांनी तुकडा उलटासुलटा केला, नखाने आतली बाजू खरवडली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "भाऊ, हा अंगानं वाढला होता, याची हाडं भरली नव्हती. जाडी काय पाहतो, वय पाह्य न!" मग त्यांनी मला तासभर समोर बसवून बांबू पाहायला शिकवलं. खाली लिहितोय त्यातलं अर्धंअधिक त्यांचंच आहे.

आधी जात. नागपूरच्या बाजारात येणारा बहुतेक बांबू गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया-भंडारा आणि मेळघाटाकडचा. त्यात दोन जाती ओळखता आल्या की पुरे. एक मानवेल, ज्याला भरीव बांबू म्हणतात. याची भिंत जाड, पोकळी अगदी लहान, कोरड्या डोंगराळ जागेतला असेल तर बुडाकडचा भाग जवळजवळ भरीवच. दुसरा कटांग, म्हणजे काटेरी बांबू. तो घेराने मोठा, आत पोकळ, शिडीला आणि मोठ्या मांडवाच्या खांबाला चांगला. झाडांच्या काठीसाठी मानवेलाला आपल्याकडे तोड नाही. पुण्याकडचे लोक माणगा घ्या म्हणून सांगतात. तो कोकणातला, सरळ आणि भरीव, फार गुणी बांबू आहे, पण तो शोधत नागपूरभर फिरू नका. मानवेल थोडा वाकडा असतो, गाठी ठळक असतात. टमाटरच्या रोपाला त्या वाकडेपणाचं काही वाटत नाही, उलट गाठीवर बांधलेली सुतळी खाली घसरत नाही.

आता दुकानात काय करायचं ते. काठ्यांचा भारा उभा ठेवलेला असेल तर तो आडवा करायला सांगा आणि आधी कापलेली तोंडं पाहा. भिंत किती जाड आहे ते तिथेच दिसतं. अंगठ्याएवढ्या काठीत पोकळी पेन्सिलीच्या टोकाएवढी असेल तर उत्तम. आतली बाजू पिवळसर, कोरडी आणि स्वच्छ हवी. काळे ठिपके किंवा बुरशीचा पांढरा थर दिसला तर ती बाजूला ठेवा. मग काठी उभी धरून फरशीवर दोनदा आपटा. तोंडातून पिठासारखं काही पडलं तर भुंगा आत आहे. अशी एकही काठी घरी आणू नका, कारण तो तिच्यातून निघून बाकीच्यांत शिरतो.

मग साल पाहा. अजून हिरवा असेल तर वय ओळखणं सोपं असतं. पहिल्या वर्षाचा बांबू तकतकीत हिरवा, अंगावर पांढरट भुकटी, गाठींवर वाळलेल्या टरफलासारखं वेष्टन चिकटलेलं. तीन-चार वर्षांचा मळका, पिवळट-करडा, अंगावर दगडफुलासारखे राखाडी डाग. लोक नेमका तकतकीत निवडतात आणि डागवाला परत ठेवतात. डाग असलेलाच उचला. वाळलेला असेल तर सगळेच पिवळे दिसतात, तेव्हा सुरकुत्या शोधा. कोवळा बांबू वाळताना आकसतो आणि दोन गाठींमधल्या पेरावर उभ्या सुरकुत्या पडतात, पाण्यात जास्त वेळ राहिलेल्या बोटांसारख्या. पक्क्या बांबूचं पेर वाळल्यावरही ताठ आणि गोल राहतं. हे एकदा नजरेत बसलं की लांबूनही कळतं.

शेवटी आवाज. दोन काठ्या एकमेकींवर हलक्या मारा. पक्की आणि कोरडी असेल तर टणत्कार येतो, कोवळी किंवा पोखरलेली बद्द वाजते. वजनही बोलतं. सारख्या घेराच्या दोन कोरड्या काठ्यांत जी जड, ती पक्की. हिरव्या बांबूत मात्र वजनावर जाऊ नका, ते पाण्याचं असतं. उभी चीर पाहायची ती बुडाकडून. टोकाला बोटभर चीर असेल तर तेवढं कापून टाका. चीर गाठ ओलांडून गेली असेल तर काठी नको.

चिरलेल्या कामट्या स्वस्त पडतात, म्हणून लोक त्याच घेतात. शेवंतीला, डेलियाला, एका हंगामापुरत्या त्या ठीक आहेत. पण बांबूचं खरं चिलखत त्याची बाहेरची साल आहे. भुंगा सालीतून सहसा शिरत नाही, तो आतल्या मऊ बाजूने किंवा कापलेल्या तोंडातून शिरतो. कामटीची ती मऊ बाजू उघडीच असते. शिवाय तिच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात आणि वाऱ्यात हलणारं कोवळं खोड त्यावर घासून कापलं जातं. कामटी वापरायची तर कडा कोयत्याच्या पाठीने किंवा खरकागदाने मारून घ्या आणि सालीची बाजू रोपाकडे ठेवा.

मामांच्या बांधावरचा बांबू जरूर आणा, त्यासारखं दुसरं काही नाही, कारण वय आणि महिना दोन्ही तुमच्या हातात राहतील. कायद्याची भीती तुम्हाला वाटली ते समजू शकतो. पूर्वी बांबू भारतीय वन कायद्यात झाडांच्या व्याख्येत मोडत होता, त्यामुळे शेतातला बांबू तोडून न्यायलाही अडचणी यायच्या. २०१७ च्या दुरुस्तीने तो त्या व्याख्येतून काढला. खासगी जमिनीवरचा बांबू आता त्या अर्थाने झाड नाही. जंगलातला बांबू ही वेगळी बाब. तो वन विभागाच्या किंवा जिथे सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे ग्रामसभेच्या अखत्यारीत येतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळाला, त्यानंतर इतर ग्रामसभाही बांबू विकू लागल्या. फिरायला गेल्यावर जंगलातून दोन काठ्या गाडीत टाकून आणणं मात्र करू नका.

मामांना सांगा की बेटाच्या, तिकडे ज्याला रांजी म्हणतात तिच्या, बाहेरच्या कडेचे बांबू बहुधा नवे असतात, ते राहू द्यावे आणि आतले जुने काढावे. जमिनीपासून पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या अगदी वर काप घ्यावा, म्हणजे खुंटात पाणी साचून कंद कुजत नाही. तोडल्यावर फांद्या-पानांसकट आठ-दहा दिवस बेटालाच टेकवून उभा ठेवावा. पानं वाळेपर्यंत अंगातली ओल ओढत राहतात. जवळ बोडी, म्हणजे लहान तळं, किंवा वाहता नाला असेल तर बांबू दगडाखाली दाबून दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा. पाणी तपकिरी होतं आणि वास मारतो. तो वास पिष्ट आणि साखर बाहेर येऊन आंबल्याचा, म्हणजे तुमच्या फायद्याचा. मग सावलीत, जमिनीपासून वर उचलून, दोन महिने वाळवा. मेच्या उन्हात वाळवायला टाकला तर नागपूरचं ४५ अंशांचं ऊन त्याला दोन दिवसांत उभा चिरतं. आता फेब्रुवारी चालू आहे. पुढच्या पंधरवड्यात तोड झाली तर जूनच्या पेरणीला काठ्या तयार असतील.

मापाचं फार अवघड नाही. मिरची आणि वांग्याला ३ ते ४ फुटांची, करंगळीएवढी काठी पुरते. टमाटरचं बुटकं वाण असेल तर ४ फूट, वेलीसारखं वाढणारं असेल तर ६ ते ७ फूट आणि अंगठ्याएवढी जाड. वाल, बरबटी (चवळी) यांना ८ फूट. कारलं, दोडका, लौकी यांच्या मांडवाचे खांब दोन ते अडीच इंच जाडीचे, जमिनीवर ६ फूट राहतील आणि दोन फूट आत जातील एवढे, आणि दोन खांबांत ८ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. लौकी आणि कोहळ्याचं वजन पावसात भिजल्यावर किती होतं ते लोक धरतच नाहीत. काठी विकत घेताना दिसणाऱ्या उंचीत जमिनीखालचा भाग मिळवा. एकूण लांबीचा चौथा हिस्सा तरी मातीत गेला पाहिजे.

आणि माती तुमची काळी आहे, त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ते इतर शहरांतल्या सल्ल्यांत सापडत नाही. काळी माती पावसात फुगते आणि काठीला चिमट्यासारखी धरते. तेव्हा वाटतं की काठी आता हलत नाही. ऑक्टोबर हीट सुरू झाली की तीच माती आकसते, भेगा पडतात, आणि पहिली भेग बहुतेक काठीच्या कडेनेच पडते. काठी दातासारखी हलू लागते. मग एक जोरदार सर येते, भेगेतून पाणी थेट बुडाशी जातं आणि वेलाच्या वजनाने काठी आडवी होते. तुमच्या मांडवाचं पोखरलेल्या बांबूबरोबर हेही झालं असणार. उपाय साधा आहे. काठी ठोकून बसवायची नाही. सब्बलीने, म्हणजे पहारीने, काठीपेक्षा दुप्पट रुंद भोक पाडायचं, तळाशी मूठभर गिट्टी, मग काठी उभी करून भोवती मुरूम भरत जायचा आणि दर वीतभर थराला सळईने कोंबायचा. मुरूम फुगत नाही, आकसत नाही आणि पाणीही बुडाशी साचू देत नाही. ठोकलेल्या काठीचं वरचं तोंड फाटतं आणि ती फाट भुंग्यासाठी दार होते, म्हणूनही हातोडा नको.

काठीचं बूड खाली, शेंडा वर. बुडाचं टोक गाठीच्या खाली दोन बोटं ठेवून कापा म्हणजे ते फुटत नाही. वरचं टोक बरोब्बर गाठीच्या वर कापा म्हणजे पोकळीची वाटी तयार होत नाही. पोकळ बांबूच्या उघड्या तोंडात पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुरतं. आणखी एक, हे मी कळकळीने सांगतोय: कंबरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीच्या प्रत्येक काठीच्या टोकावर जुना रबरी चेंडू किंवा बाटलीचं झाकण बसवा. खुरपायला वाकलेल्या एका माळीणबाईंच्या डोळ्यात काठीचं टोक गेलेलं मी पाहिलं आहे. डोळा वाचला, पण नजर पूर्वीसारखी राहिली नाही.

औषधाबद्दल. मातीत रोवलेला, कोणतीही प्रक्रिया न केलेला बांबू एक ते तीन वर्षं जातो, आपल्याकडे उधई (वाळवी) लागली तर पहिल्याच वर्षी संपतो. कुजणं आणि उधई दोन्ही मातीलगतच्या वीतभर भागात घडतं, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. लोक त्यावर गॅरेजमधलं जळकं ऑईल फासतात. भाजीच्या वाफ्यात ते कधीही नको. त्यातले धातू आणि काजळी मातीत उतरते आणि तीच माती तुमचं टमाटर खातं. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी हा भुंग्यावरचा चांगला उपाय आहे: २० लिटर पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड, त्यात आठवडाभर बुडवायचं. पोकळ बांबूच्या गाठी आतून सळईने फोडून घ्यायच्या. पण हे मांडवाच्या वरच्या आडव्या बांबूंसाठी, तेही वर आडोसा असेल तर. मातीत आणि पावसात ते विरघळून निघून जातं आणि बोरॉन जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. संत्रा-लिंबाच्या झाडांना तर ते विशेष बाधतं. बूड जाळून काळं करणं बरेच जण करतात. वरवरची कीड मरते, पण फार भरवसा ठेवू नका. जास्त जाळलं तर काठीच कमजोर होते.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. बांबूला मातीला टेकूच देत नाही. दहा मिलीमीटरची लोखंडी सळई तीन फूट कापून घेतो, दीड फूट जमिनीत ठोकतो, दीड फूट वर. बांबू तिला चिकटून उभा करून दोन ठिकाणी तारेने आवळतो आणि बुडाखाली विटेचा तुकडा ठेवतो. बांबू कोरडा राहतो, उधई विटेवरून चढायला लागली तर तिची मातीची नळी डोळ्यांना दिसते आणि पायाने मोडता येते. सळया वर्षानुवर्षं जातात. मोठ्या खांबांना जुन्या पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा जमिनीत गाडून त्यात खांब बसवतो, तळाला गिट्टी घालून. या पद्धतीने लावलेला मानवेलाचा एक मांडव त्रिमूर्तीनगरमध्ये सहाव्या वर्षात आहे, आडवे बांबू तेवढे एकदा बदलले.

गच्चीवर वेगळं. कुंडीत कोकोपीट आणि गांडूळखताचं हलकं मिश्रण असतं, त्यात कोणतीही काठी उभी राहणार नाही, ती कुंडीसकट पडेल. तीन काठ्या कुंडीच्या कडेला रोवून वर तिवईसारख्या एकत्र बांधा, आणि तिवईचा शेंडा कठड्याच्या ग्रिलला दोरीने अडकवा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी अचानक जे धुळीचं वादळ सुटतं, त्यात हीच दोरी कामाला येते. कुंडीसाठी भरीव मानवेलाच्या शेंड्याकडच्या बारीक काठ्या छान.

बांधायला नायलॉनची दोरी नको. ती खोडात रुतते. जुन्या सुती साडीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या घ्या, आधी काठीला गाठीच्या वर घट्ट गाठ, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फेर घेऊन रोपाभोवती सैल वेढा. वेढ्यात बोट फिरलं पाहिजे. संत्र्याचं किंवा आंब्याचं कलम लावाल तेव्हा काठी पश्चिमेच्या अंगाला लावा, कारण आपल्याकडे पावसाळ्याचा वारा मुख्यतः तिकडून येतो आणि रोप काठीपासून दूर झुकतं, तिच्यावर आपटत नाही. एक बांध कलमाच्या जोडाच्या वर हवाच, कारण नव्या कलमाचा जोड वाऱ्यात आधी निसटतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर काठी काढून टाका. कायम आधारावर वाढलेलं खोड स्वतःचं बळ कमावत नाही.

प्लास्टिक चढवलेल्या सळया वाईट नाहीत. पण आतली नळी पातळ असते, आपल्या उन्हात वरचं प्लास्टिक तडकतं आणि मग आत गंज धरतो. कुंड्यांसाठी पाच-सहा ठेवा, अंगणासाठी बांबूच. वाटाणा आणि छोट्या वालाला तर तुऱ्हाट्या फुकटात मिळतात. तुरीची कापणी नुकतीच झाली आहे, मामांकडून एक भारा मागवा. कापसाच्या पऱ्हाट्या मात्र नको, त्यांच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते आणि ती भेंडीवरही येते. बेशरमच्या काड्यांना हात लावू नका, त्या ओल्या मातीत मुळं धरतात आणि मग निघता निघत नाहीत. शोभेच्या पिवळ्या बांबूची हिरवी काठीही पावसाळ्यात गाठीतून फुटताना मी पाहिली आहे.

गुढीच्या काठीचंही विचारलंत. पाडवा झाला की ती वापरता येते, फक्त आधी वरच्या कसोट्या लावा. बहुतेक वेळा ती नुकतीच तोडलेली असते. दोन महिने सावलीत आडवी ठेवून मगच रोवा.

गेल्या वर्षीच्या ज्या काठ्या अजून उभ्या आहेत, त्या या रविवारी सगळ्या उपटा. भोकं असलेल्या काठ्या चुलीत किंवा शेकोटीत घाला, कंपोस्टमध्ये नाही. उरलेल्या काठ्या साबणाच्या पाण्याने घासून, दोन दिवस उन्हात आणि मग सावलीत विटांवर आडव्या ठेवा. टमाटरला लावलेली काठी यंदा पुन्हा टमाटरला किंवा वांग्याला नको, करपा आणि मर त्यावरून पसरू शकते. ती वालाला द्या. उन्हाळी कारल्याचं बी तुम्ही या महिन्यात टाकणार असाल तर खांब आधी रोवून घ्या. वेल हातभर झाल्यावर रोवायला गेलात तर सब्बल नेमकी त्याच्या मुळांत जाते.